आजीच्या पाटल्या कुणाच्या? ‘देईन’ आणि ‘दिलं’ यांच्यातला फरक

(हे आपल्या एपिसोडचं लिहिलेलं रूप. बोलताना मी जिथे अडखळले ते काढलंय, बाकी बरंचसं बोलल्यासारखंच ठेवलंय. ऐकायला वेळ नसेल तर बसमध्ये वाचा.)

आजचा विषय आहे बक्षीस. वक्तृत्व स्पर्धेत मिळायचं ते नाही, आणि हॉटेलात वेटरला देतो ते तर नाहीच. कायद्यातलं बक्षीस. एखादी वस्तू आपण दुसऱ्याला फुकट, मनापासून देऊन टाकतो ते. आणि वस्तू म्हणजे घर-जमीन नाही हं. ज्या वस्तू उचलून दुसऱ्याच्या हातात देता येतात त्या. दागिने, गाडी, फोन, लॅपटॉप, पैसे, शेअर्स. घर आणि शेतीचं बक्षीसपत्र हा वेगळा, मोठा एपिसोड आहे. तो आज नाही.

आधीच सांगते, मी वकील नाही. मी हिंजवडीत कोड लिहिते. पण गेल्या वर्षी आमच्या घरात एक प्रसंग घडला आणि मला दोन महिने कायद्याची कलमं वाचावी लागली. वाचली तर ती एखाद्या चांगल्या डॉक्युमेंटेशनसारखी निघाली. १८८२ सालचं डॉक्युमेंटेशन, पण आमच्या ऑफिसातल्यापेक्षा स्पष्ट. वकील मैत्रिणीकडून सगळं तपासून घेतलंय.

तर प्रसंग असा. माझी आजी कराडला राहायची. तिच्याकडे पाटल्यांची एक जोडी होती, चार तोळ्यांची, जुन्या घडणीची. मी लहान असल्यापासून ऐकत आलेय, “या पाटल्या माझ्या थोरल्या नातीच्या.” थोरली नात म्हणजे मी. हे आईला माहीत, बाबांना माहीत, काकूला माहीत, शेजारच्या काकींनाही माहीत. तीन वर्षांपूर्वी पाडव्याला आजीने लॉकरमधून त्या आणवल्या, माझ्या हातात चढवल्या, सगळ्यांनी बघितलं, मी फोटो काढले, चुलतभावाने व्हिडिओ काढला. मग संध्याकाळी आजी म्हणाली, “काढ आता. तुझ्या त्या भाड्याच्या खोलीत कुठे सांभाळशील?” मी काढून दिल्या. भाऊबीज झाल्यावर त्या परत लॉकरात गेल्या.

गेल्या वर्षी आजी गेली. दिवसकार्य झालं आणि पंधरा-वीस दिवसांनी लॉकरचा विषय निघाला. आत्या म्हणाली, “आईने मला सांगितलं होतं, एक पाटली तुझी.” काका म्हणाले, “लॉकरला नॉमिनी मी आहे, त्यामुळे आता मला बघावं लागेल.” बाबा काहीच बोलले नाहीत. ते अशा वेळी नेहमी चहा करायला उठतात. आणि मी? मला आतून खात्री होती की पाटल्या माझ्याच आहेत. हातात घातल्या होत्या ना माझ्या! व्हिडिओ आहे!

आता तुम्हीच सांगा, पाटल्या कुणाच्या? क्षणभर पॉज करून विचार करा. मी पुढे जाते.

आपल्याकडे बक्षिसाचा मूळ कायदा म्हणजे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२. त्याचं कलम १२२ सांगतं की बक्षीस म्हणजे आज अस्तित्वात असलेली वस्तू, स्वखुशीने, कसलाही मोबदला न घेता एकाने दुसऱ्याला देणं आणि दुसऱ्याने ती स्वीकारणं. स्वीकार कधी व्हायला हवा? देणारा जिवंत असताना आणि देण्याच्या अवस्थेत असतानाच. घेणारा स्वीकारण्याआधीच वारला तर ते बक्षीस रद्द.

स्वीकाराची ही अट मला फार आवडली. कारण आपल्याला वाटतं देणं ही एकाच माणसाची कृती आहे. पण ही पुल रिक्वेस्टसारखी गोष्ट आहे. तुम्ही कितीही छान कोड पाठवा, समोरच्याने मर्ज केल्याशिवाय तो त्याच्या शाखेत जात नाही. स्वीकार लेखीच हवा असं नाही, वागण्यातून दिसला तरी पुरतो. लहान मुलाच्या वतीने आई-वडील स्वीकारू शकतात. आणि नको असेल तर नाकारता येतं. तुमच्या इच्छेविरुद्ध तुम्हाला कुणी कशाचा मालक करू शकत नाही.

यातलीच एक गंमत कलम १२७ मध्ये आहे. कायद्यातच उदाहरण दिलंय. एकाकडे दोन कंपन्यांचे शेअर्स आहेत, एक कंपनी भरभराटीची, दुसरी अडचणीत, तिच्या शेअर्सवर पुढे पैसे भरायला लागणार. तो सगळे शेअर्स एकदम बक्षीस देतो. घेणारा म्हणतो, चांगले तेवढे ठेवतो, वाईट तुमचे तुम्हाला. नाही चालणार! एकाच गठ्ठ्यात आलं असेल तर सगळं घ्या नाहीतर सगळं सोडा. आणि कलम १२४ म्हणतं, जे आज तुमच्याकडे नाहीच ते बक्षीस देता येत नाही. म्हणजे मित्राला वाढदिवसाला “माझा पुढच्या दिवाळीचा बोनस तुला” असं म्हणालात तर त्याला टाळ्या मिळतील, बोनस नाही.

आता मुद्द्याचं कलम, १२३. घर-जमिनीसाठी नोंदणी केलेला दस्त आणि दोन साक्षीदार लागतातच. पण जंगम वस्तूंसाठी, म्हणजे हलवता येणाऱ्या वस्तूंसाठी, दोन रस्ते आहेत. एक तर तसाच नोंदणीकृत दस्त करा, किंवा सरळ वस्तू ताब्यात द्या. बस. ताबा दिला की झालं. कागद नको, स्टॅम्प नको. म्हणूनच आपण रोज इतकी बक्षिसं देतो-घेतो आणि कुणाला कायदा आठवत नाही.

पण “ताबा देणं” म्हणजे काय? विकलेला माल जसा ताब्यात देतात तसंच, असं हे कलम म्हणतं, आणि त्याचे नियम मालविक्री कायदा १९३० मध्ये आहेत. तिथे लिहिलंय की ज्या कृतीने माल समोरच्याच्या ताब्यात जातो, किंवा दोघांनी जी कृती ताबा म्हणून मानायची ठरवलीय, ती कृती म्हणजे ताबा. म्हणजे गाडी उचलून द्यायला नको, किल्ली दिली तरी चालतं. कपाट नको, कपाटाची चावी चालते. फोनच्या बाबतीत मी माझं एक उपकलम जोडते. जुना फोन भावाला दिला पण त्यातून स्वतःचं अकाउंट काढलं नाही, तर तुम्ही त्याला फोन नाही, काचेची वीट दिलीय. (हसते.)

आणि याच्या उलट बाजूला आहे नुसतं वचन. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २५. त्यातलं पहिलंच उदाहरण इतकं कोरडं आहे की मला ते वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. अ हा ब ला मोबदल्याशिवाय एक हजार रुपये देण्याचं वचन देतो. हा करार निरर्थक आहे. संपलं. लगेच दुसरं उदाहरण. अ हा आपल्या मुलाला, प्रेमापोटी, एक हजार रुपये देण्याचं वचन देतो, ते लिहून काढतो आणि त्याची नोंदणी करतो. हा मात्र करार आहे. म्हणजे जवळच्या नात्यातलं प्रेमापोटीचं वचनसुद्धा कायद्यापुढे उभं राहायचं असेल तर लिहिलेलं आणि नोंदवलेलं हवं. पण त्याच कलमाखाली हेही स्पष्ट केलंय की प्रत्यक्षात दिल्या गेलेल्या बक्षिसाला या नियमाने धक्का लागत नाही.

बघा, सगळा खेळ या रेषेवर आहे. ‘देईन’ आणि ‘दिलं’. देईन म्हणाल, तर कायदा हात झटकतो. दिलं म्हणाल आणि खरंच दिलं असेल, तर कायदा ठाम उभा राहतो.

मग माझी केस कुठे बसते? माझ्या हातात पाटल्या चढल्या होत्या, म्हणजे ताबा मिळाला. मी हसत घातल्या, म्हणजे स्वीकार झाला. नंतर आजीने त्या सांभाळायला घेतल्या. सांभाळायला घेणं म्हणजे मालकी परत घेणं नाही, हेही खरं. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच अधोरेखित केलं. लग्नात माहेरून मिळालेले नवरीचे दागिने पहिल्याच रात्री नवऱ्याने ‘सुरक्षित राहावेत’ म्हणून आपल्या आईकडे दिले आणि ते परत आलेच नाहीत, अशी त्या बाईंची तक्रार होती. न्यायालयाने नवऱ्याला २५ लाख रुपये द्यायला लावले. स्त्रीधन हे बाईचं एकटीचं, नवऱ्याची त्यात भागीदारी नाही, हे तर १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून पक्कं आहे. माझ्या ताई-मैत्रिणींनो, लग्नात तुम्हाला मिळालेलं सोनं सासूबाईंच्या कपाटात असलं तरी ते तुमचंच असतं. कुणाच्या लॉकरमध्ये आहे यावरून मालक ठरत नाही. पण यादी आणि फोटो ठेवा.

हे वाचून मी खुर्चीत ताठ बसले. माझी केस भक्कम! मी चुलतभावाकडून तो व्हिडिओ मागवला. (आणि मूळ फाइल मागवली, व्हॉट्सअॅपवर दाबून-चेपून आलेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायचा रकाना आहे. एसएचए-२५६ चक्क कायद्याच्या परिशिष्टात! मी हे ऑफिसात सगळ्यांना दाखवलं.)

व्हिडिओ बेचाळीस सेकंदांचा आहे. आजी पाटली चढवतेय, माझा हात जरा मोठा, ती साबण लावूया म्हणतेय, सगळे हसतायत. मागून आत्याचा आवाज येतो, “आई, दिल्यास का गं तिला?” आणि आजी वर न बघता म्हणते, “लग्नात द्यायच्यात हिला. आज बघू तर दे कशा दिसतात.”

द्यायच्यात.

मी तो व्हिडिओ दहा-बारा वेळा बघितला. दिल्या नाही, द्यायच्यात. आजी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, तिची क्रियापदं कधी चुकायची नाहीत. तिने मला त्या घालून बघायला दिल्या होत्या. तिच्या मनात त्या त्या दिवशीही तिच्याच होत्या. बक्षिसात वस्तू हातात जाणं पुरत नाही, त्यामागे ‘आता ही तुझी’ हा इरादा लागतो. आणि बक्षीस झालं हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते झालं म्हणणाऱ्यावर असते, म्हणजे माझ्यावर. माझा सगळ्यात मोठा पुरावा माझ्याच विरुद्ध बोलत होता.

आता ही फाइल कुणाकडेच नव्हती. चुलतभावाने तीन वर्षांत ती उघडलीही नव्हती. मी गप्प बसले असते तर “हातात घातल्या होत्या” एवढंच सगळ्यांच्या आठवणीत राहिलं असतं. हे मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतेय, एक रात्रभर मी तो विचार केला.

असो. आत्याचं काय? तिलाही ‘सांगितलं होतं’, म्हणजे वचनच. तेही बाद. काकांचं नॉमिनी? इथे बहुतेक घरांत गोंधळ होतो म्हणून जरा थांबते. नॉमिनी म्हणजे बँकेने किंवा कंपनीने वस्तू वा पैसे कुणाच्या हाती सोपवायचे त्याचं नाव. तो मालक होत नाही. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितलं, आणि शेअर्स-म्युच्युअल फंडांच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये. लॉकरचंही तसंच. नॉमिनीने दार उघडायचं, आतलं मात्र वारसांचं. तुम्ही तुमच्या ट्रेडिंग अॅपमध्ये घाईघाईत ज्याचं नाव टाकलंय तो तुमचा वारस नाही, पोस्टमन आहे. काकांना हे समजावल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांना हक्क नको होता, जबाबदारीच डोक्यावर बसली होती.

मग वारस कोण? आजीने मृत्युपत्र केलं नव्हतं, आजोबा आधीच गेलेले. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम १५ प्रमाणे आजीच्या वस्तू तिच्या मुलांना आणि मुलीला, समान. म्हणजे बाबा, काका, आत्या. बाबा हयात असताना नातीला, म्हणजे मला, शून्य. थोरली असले तरी शून्य.

आणि खरं दुःख कशाचं माहितीये? आजीला हे सगळं टाळायला एक साधा कागद पुरला असता. साध्या कागदावर मृत्युपत्र, तिची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. ‘माझ्यानंतर’ असं म्हणायचं असेल तर मृत्युपत्र, ‘आत्ताच’ असं म्हणायचं असेल तर बक्षीस. आपल्या घरातली माणसं या दोन्हींच्या मधे कुठेतरी बोलत राहतात. “तुझंच आहे सगळं” हे वाक्य दोन्हींत बसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सोन्याचं ठीक, आमच्याकडे कुठलं सोनं? तर गाडीकडे वळूया, कारण इथे तुमच्या वयाचे सगळ्यात जास्त अडकतात. बाबांनी मला कॉलेजात असताना त्यांची जुनी अॅक्टिव्हा दिली. किल्ली दिली, मी घेतली, मी सात वर्षं चालवली. कलम १२३ प्रमाणे बक्षीस पूर्ण? आम्हा दोघांपुरतं, होय. पण आरटीओच्या दप्तरात आणि जगासाठी मालक बाबाच. मोटार वाहन कायदा मालक म्हणून नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याला बघतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक गाडी आली होती, जी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्या-चौथ्याकडे विकली गेली आणि नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. अपघात झाला. भरपाईची जबाबदारी कुणावर? नोंदणीत नाव असलेल्या पहिल्यावर. त्याने ती गाडी कधीच सोडली होती, तरीही.

म्हणून गाडी देताना फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. राज्यातल्या राज्यात असेल तर देणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. आणि विमाही आपल्या नावावर करायला सांगायचा, त्याला १४ दिवस. मित्राला बाइक देऊन टाकली आणि वर्षाने त्याने कुणाला ठोकलं, तर नोटीस तुमच्या घरी येईल. मैत्रीची ही किंमत जरा जास्तच आहे. शेअर्सचंही असंच, डिमॅटमधून ऑफ-मार्केट ट्रान्सफर करायचा, कारणात बक्षीस लिहायचं. “माझ्या डिमॅटमधले ते शेअर्स तुझे समज” याला काही अर्थ नाही.

आता कर. यावर मला तुमचे सगळ्यात जास्त मेसेज येतात, तर नीट ऐका.

आपल्याकडे पूर्वी बक्षीस देणाऱ्यावर कर होता, १९५८ चा बक्षीस कर कायदा. १ ऑक्टोबर १९९८ पासून तो उठला. आता कर लागला तर घेणाऱ्याला. नातेवाइकांकडून कितीही मिळालं तरी नाही. लग्नात मिळालेल्या आहेरावर नाही, तो मित्राने दिला असला तरी. वारसाहक्काने वा मृत्युपत्राने मिळालेल्यावर नाही. बाकीच्यांकडून वर्षाला एकूण ५०,००० रुपयांपर्यंत सूट. आणि इथे एक खड्डा आहे. ५१,००० मिळाले तर १,००० वर कर नाही, पूर्ण ५१,००० तुमचं उत्पन्न धरलं जातं. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ आला, कलमांचे आकडे बदलले, पण हा नियम तोच राहिला.

‘नातेवाईक’ कोण, याची कायद्यात यादी आहे आणि ती वाचताना मी दोनदा चमकले. नवरा-बायको, भावंडं, नवऱ्याची-बायकोची भावंडं, आई-वडिलांची भावंडं, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंतची सरळ रेषा, आणि या सगळ्यांचे जोडीदार. म्हणजे काकांनी पुतणीला पाच लाख दिले तर कर नाही, कारण काका माझ्या वडिलांचे भाऊ. पण मी काकांना पाच लाख दिले तर? काकांच्या यादीत पुतणी नाही! त्यांना कर भरावा लागेल. एकाच नात्याला दोन दिशांनी दोन नियम. आणि चुलत-मामे-आते भावंडं यादीत कुठेच नाहीत. कायद्याच्या लेखी तुमचा मावसभाऊ आणि तुमचा रूममेट सारखेच.

दुसरी गंमत, हा कर प्रत्येक वस्तूवर नाही. पैसे, दागिने, सोनं-चांदी, शेअर्स, चित्रं-शिल्पं, क्रिप्टो असं ठरावीक. त्यात गाडी नाही, फोन नाही. मित्राने महागडी बाइक दिली तर हा कर नाही, साठ हजारांची सोनसाखळी दिली तर आहे. लग्नातल्या आहेराची सूट मात्र ज्याचं लग्न त्यालाच. तुमच्या लग्नात तुमच्या आई-बाबांच्या नावावर कुणी रक्कम दिली तर ती सूट त्यांना नाही. आणि एकाच माणसाकडून एका प्रसंगात २ लाख किंवा जास्त रोख घेऊच नका. घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे. आणि बायकोच्या नावावर पैसे टाकून त्यावरचं व्याज तिच्या कमी टॅक्समध्ये दाखवू, असं ज्यांच्या डोक्यात आलंय, त्यांचं उत्पन्न परत त्यांच्याच नावावर जोडलं जातं. तुमच्या आधी कुणाला ते सुचलं नसेल असं समजू नका.

दिलेलं परत घेता येतं का? साधारणपणे नाही. ब्रेकअप झालं म्हणून घड्याळ परत मागता येईल, तो ते देईलही, पण कायद्याने हक्क नाही. कलम १२६ म्हणतं, देणाऱ्याच्या लहरीवर परत घेता येईल असं बक्षीस बक्षीसच नाही. फसवून, दमदाटी करून, दबाव आणून घेतलं असेल तर रद्द होतं. किंवा देतानाच दोघांनी एखादी घटना ठरवली असेल, जी देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नाही. ज्येष्ठांसाठी २००७ च्या कायद्यात वेगळं संरक्षण आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर काही दिलं आणि मुलांनी सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं. हे फक्त घराला नाही, दागिने-पैशांनाही लागू आहे. म्हणून आजी-आजोबांनी काही दिलं तर अट लिहून घ्या असं मीच म्हणेन, घेणारी असूनही.

मुस्लिम श्रोत्यांसाठी एक वाक्य. तुमच्याकडे हिबा आहे, तो या कायद्याच्या कलम १२९ ने बाजूला ठेवलाय. तोंडी चालतो, अगदी घराचाही, पण जाहीर करणं, स्वीकारणं आणि ताबा देणं या तिन्ही गोष्टी हव्यात. आणि गोव्यातल्या मंडळींनो, तुमच्याकडे मुलाबाळांचा निम्मा वाटा राखीव असतो, त्यामुळे सगळंच एकाला देऊन टाकायचं ठरवलं तरी ते पुढे कापलं जाऊ शकतं.

बरं, पाटल्या.

मी तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. सोबत लिहिलं की कायद्याने त्या बाबा, काका आणि आत्याच्या आहेत, माझ्या नाहीत. बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. निळ्या टिका मात्र सगळ्यांच्या. मग आत्याचा फोन आला. ती रडत होती, पाटल्यांमुळे नाही, आजीचा आवाज ऐकून. तिच्याकडे आजीचा एकही व्हिडिओ नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही कराडला गेलो. दोन पाटल्या, तीन वारस. मोडून पैसे वाटायचा विषय काकूने काढला आणि काकूनेच मागे घेतला. काका म्हणाले, “एक पोरीला, एक ताईला. मला आईचा अडकित्ता द्या.” आजीचा पितळी अडकित्ता, ज्याने ती दुपारभर सुपारी कातरायची. मैत्रीण म्हणाली होती की अडकित्ता मोबदला धरला तर हे बक्षीस नाही, अदलाबदल होईल, त्याला वेगळं कलम आहे. म्हणून आत्याने अडकित्ता आधीच, वेगळा, काकांच्या हातात ठेवला. बाबांनी आपला वाटा मला दिला. काकांनी आपला वाटा मला आणि आत्याला मिळून सोडला. बाबा आणि काका दोघेही माझ्या करापुरते ‘नातेवाईक’, आत्याला तर काका सख्खा भाऊ. एका कागदावर तारीख, वजन, कुणी कुणाला काय दिलं ते लिहिलं, तिघांच्या सह्या घेतल्या, खाली आम्ही दोघींनी ‘मिळालं, स्वीकारलं’ असं लिहिलं.

चुलतभाऊ परत व्हिडिओ काढायला उभा राहिला. काकांनी पाटली माझ्या हातात चढवायला घेतली, या वेळी साबण आधीच आणून ठेवला होता. चढवली आणि म्हणाले, “ही घे हां, तुला द्यायची होती आईला.”

“काका,” मी म्हटलं, “तुम्ही ‘दिली’ म्हणा.”

“दिली गं बाई. दिली!”

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये, बक्षीसपत्र आणि घराच्या विषयावर. प्रश्न पाठवत राहा.